तहानलेली ज्वारी

मुंबईहून निघालेली लोकल कसाऱ्याला येऊन थांबते. पुढे रुळांना घाट चढायचा असतो. १८६१ साली आगगाडी इथवर आली. थळघाट चढून इगतपुरीला पोहोचायला तिला १८६५ साल उजाडावे लागले. आमचे रान त्या घाटाच्या पायथ्याशी, स्टेशनापासून पाऊण तासाच्या चालीवर आहे. आमचे म्हणजे आम्हां दोघांचे. खरे पाहता दोघांपैकी एकीच्या माहेरचे. भावंडांच्या वाटणीत तिच्याकडे आलेले दोन एकर. दुसऱ्याने मुंबईत तीस वर्षे मराठी शिकवले आणि गाय हा प्राणी बहुतेक निबंधाच्या वह्यांतच पाहिला. निवृत्तीनंतर मुलुंडचे बिऱ्हाड आवरून आम्ही येथे राहायला आलो. पुढे जे लिहायचे आहे, त्यात दोघांपैकी कोणी काय केले हे वेगळे काढायचे आम्ही मुद्दाम टाळले आहे. ते का, हे वाचताना लक्षात येईल.

पहिल्या पावसाळ्यात आम्ही गवताने भारावून गेलो होतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडाबोडका असलेला माळ भाद्रपदात छातीइतका वाढलेला पाहिला, की शहरातून आलेल्या माणसाला गवत ही एक अक्षय गोष्ट आहे असे वाटू लागते. मारवेल, पवन्या, शेडा, कुसळी ही नावे आम्ही शेजारच्या मामांकडून शिकलो. मामा ठाकर समाजातले, सत्तरीच्या पलीकडचे. गावच्या नात्याने ते आमच्यातल्या एकीला ताई म्हणतात आणि दुसऱ्याला पावणे. वीस वर्षे येथे राहिलो तरी हा पावणेपणा सुटायचा नाही.

दिवाळीनंतर हेच गवत पिवळे पडते. कोयते निघतात, कापणी होते, गंज्या रचल्या जातात आणि त्यातले पुष्कळसे गाठी बांधून मुंबईच्या बाजूला रवाना होते. मुलुंडला असताना तबेल्यांच्या दारात उतरणारी ती वाळल्या गवताची मालमोटार आम्ही कित्येकदा पाहिली होती. सकाळच्या दुधाशी तिचे काही नाते असेल इतके आम्हांला कळत होते. ती कोठून येते, हा प्रश्न मात्र कधी पडला नाही.

तो पडायला हवा होता, कारण उत्तर आमच्या कपाटातच होते. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले, पुढे त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आमच्यातल्या एकाने ते वर्गात शिकवलेही होते. १९४५च्या ऑक्टोबरात डहाणू आणि उंबरगावच्या वारल्यांनी जो संप केला, तो गवतकापणीच्या मजुरीसाठी होता. पाचशे पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये मिळावेत, एवढीच मागणी. त्या संपात तलवाड्याला गोळीबार झाला आणि माणसे मेली. तो मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. त्यातला डहाणूचा भाग २०१४पासून पालघर जिल्ह्यात आहे, उंबरगाव गुजरातेत गेले. आपल्या ललित गद्यात गवत डुलते, सळसळते, दवाने भिजते. या पुस्तकात ते तोलले जाते. वर्गात आम्ही या फरकावर एक चांगले व्याख्यान देत असू. पाचशे पौंड गवत म्हणजे किती, ते कापायला एका माणसाचे किती दिवस जातात, हे मात्र स्वतः कोयता हातात धरल्यावर समजले.

२०१९च्या जानेवारीत आम्ही म्हशाच्या यात्रेला गेलो. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते आणि तिच्यातला बैलबाजार जिल्ह्यात नावाजलेला आहे. घोंगड्या, तवे, विळे, मिठाई यांच्या गर्दीतून वाट काढीत मामांनी आम्हांला गुरांच्या माळावर नेले. दोन डांगी वासरे घेतली. एक कालवड, एक गोऱ्हा. दोन्ही वर्षाच्या आतली, पांढऱ्यावर काळे ठिपके. कालवडीचे नाव मैना ठेवले, गोऱ्ह्याचे बांड्या. डांगी ही अकोले, इगतपुरी, जव्हार, मोखाडा आणि आमच्या शहापूरच्या डोंगरातली जात. हिच्या कातडीला तेलकट ओशटपणा असतो, त्यामुळे चार महिने कोसळणाऱ्या पावसातही अंग लवकर भिजत नाही. खूर काळे आणि टणक. भातखाचरातल्या चिखलात दिवसभर उभे राहिले तरी कुजत नाहीत. दूध बेताचे. निसर्गाने आणि महादेव कोळी, ठाकर, कानडी अशा पाळणाऱ्यांनी मिळून तिला पावसासाठी घडवले आहे. उन्हाळा तिने कसाबसा काढावा, अशीच जणू योजना आहे.

ही योजना आम्हांला पसंत नव्हती. माघ सरता सरता येथले माळ करपतात. गुरांना भाताचा पेंढा आणि वाळलेले गवत, एवढेच उरते. पेंढ्यात प्रथिने शेकडा तीन-चार. वाढत्या वासराला लागतात त्याच्या तिपटीच्या आसपास. पेंढ्याने पोट भरते, अंग भरत नाही. चैत्र-वैशाखात येथल्या वासरांच्या बरगड्या मोजता येतात आणि आषाढात ती पुन्हा सावरतात. मामांच्या दृष्टीने हा ऋतुक्रम होता. आमच्या दृष्टीने हे अज्ञान होते, आणि ते दूर करायला आम्ही नुकतेच आलो होतो.

आम्ही पुस्तके मागवली. उन्हाळी हिरव्या चाऱ्यासाठी ज्वारी, मका, बाजरी ही पिके सांगितलेली होती. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशी वाचल्या: ज्वारीचे बी हेक्टरी चाळीस किलो, ओळींत फूटभराच्या आत अंतर, दर आठ-दहा दिवसांनी पाणी, महिन्याने नत्राचा दुसरा हप्ता, साठ-पासष्ट दिवसांनी निम्मे पीक फुलोऱ्यात आले की कापणी. हेक्टरी पाचशे क्विंटलपर्यंत हिरवा चारा. दहा गुंठ्यांत साधले तर चार-पाच टन. मेअखेरपर्यंत दोन वासरांची चंगळ! कागदावरचे हे गणित पाहून आम्हांला झालेला आनंद आज आठवला तरी ओशाळल्यासारखे होते.

फेब्रुवारीच्या मध्याला विहिरीशेजारच्या दहा गुंठ्यांत ज्वारी पेरली. मामा बांधावर बसून पाहत होते. त्यांनी एवढेच विचारले, “पानी पुरंल का, ताई?” विहिरीत तेव्हा दोन पुरुष पाणी होते. आम्ही विहिरीकडे बोट दाखवले.

मामांनी विचारले ते गणित आम्ही नंतर केले, पेरणीआधी करायला हवे होते तेव्हा केले नाही. दहा गुंठे म्हणजे जवळजवळ एक हजार चौरस मीटर. एका पाळीला पाच सेंटिमीटर पाणी धरले तरी पन्नास हजार लिटर. आठ पाळ्यांना चार लाख. दहा हजार लिटरच्या टँकरने आणायचे म्हटले तर चाळीस टँकर. कातळावरच्या उथळ विहिरीतून फाल्गुन-चैत्रात एवढे पाणी काढणे ही पेरणी नव्हे, अभिलाषा होय.

पहिल्या तीन पाळ्या नीट झाल्या. ज्वारी तरारून वर आली. त्या तपकिरी मुलखात आमचा हिरवा चौकोन दुरून दिसू लागला आणि येणारेजाणारे थबकून पाहू लागले. हे कौतुक आम्हांला गोड लागत होते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात विहिरीने तळ दाखवला. पंप दहा मिनिटे चाले आणि गुळण्या टाकू लागे. पाळी दहा दिवसांवरून पंधरावर गेली. ज्वारी गुडघ्यापाशी खुंटली. दुपारी पाने सुरळीसारखी वळत. वाढ मागे पडली म्हणून आम्ही पुस्तकातला महिन्याचा युरिया टाकला, आणि तोही सढळ हाताने. पाणी नाही तर निदान खत तरी, असा काहीसा तो विचार असावा.

मामांनी सांगितले होते. त्यांचे शब्द जसेच्या तसे आठवतात. “कवळी हाय, नि तान्हेली हाय. वासरांना लांब ठेवा.” आम्ही मान डोलावली. कोवळ्या ज्वारीपासून जनावराला धोका असतो हे पुस्तकातही होते. तहानेने तो धोका किती वाढतो, याकडे आम्ही लक्ष दिले नव्हते.

मार्चअखेरच्या एका सकाळी कुंपणाचा झापा उघडा राहिला. मैना आत शिरली. महिनाभर पेंढा चघळलेल्या वासराला समोर हिरवे दिसले. तिने जे करायचे तेच केले. आम्ही पाहिले तेव्हा तिचे खाणे होऊन गेले होते आणि ती बांधाशी उभी होती. थोड्याच वेळात तिला धाप लागली. तोंडाला फेस आला, पाय लटपटले, ती आडवी झाली. मामा धावत आले, त्यांनी एकच शब्द उच्चारला: “किराळ.” गुळाचे पाणी पाजायचा प्रयत्न झाला, ते घशाखाली उतरेना. गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते लगेच निघाले, पण रस्ता दीड तासाचा. या विषावर शिरेतून द्यायची औषधे आहेत आणि वेळेत दिली तर जनावर वाचतेही. मैनेकडे तेवढा वेळ नव्हता. बांड्या दाव्याला होता. तो सारखा हंबरत राहिला.

डॉक्टरांनी आम्हांला समजावून सांगितले. कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचे द्रव्य असते. पान चघळले, चिरडले की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. ते रक्तात भिनले की शरीरातल्या पेशींना प्राणवायू वापरता येत नाही. रक्त प्राणवायूने भरलेले, लालभडक राहते आणि जनावर आतल्या आत गुदमरते. ताट वाढून फुलोऱ्यावर आले की हे द्रव्य खूप कमी होते. म्हणून पुस्तके फुलोऱ्याची वाट पाहायला सांगतात. पाण्याचा ताण पडून वाढ खुंटली की ते वाढते. नत्राचे खत जास्त झाले तरी वाढते. आम्ही दोन्ही केले होते. मामांना धुरीन ठाऊक नव्हते. तहानेल्या ज्वारीचा स्वभाव त्यांना ठाऊक होता.

झापा कोणी उघडा ठेवला? युरिया कोणी टाकला? आम्ही हे एकमेकांना कधी विचारले नाही. त्या दिवसापासून आमच्या बोलण्यात ‘आम्ही’ हे सर्वनाम फार येऊ लागले. ‘आम्ही विसरलो’, ‘आमच्या ध्यानात आले नाही’. हे सर्वनाम मोठे सोयीचे असते. त्याच्या आडोशाला दोन माणसे शेजारी शेजारी उभी राहू शकतात आणि एकमेकांकडे पाहण्याची गरज पडत नाही.

पण सावलीला बसून तो पाण्याचा हिशेब पुन्हा मांडू लागलो तेव्हा हे ‘आम्ही’ मोठे होत गेले. मुंबईला सात तलावांतून पाणी जाते. विहार आणि तुळशी शहरातले. तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा हे पाच बाहेरचे. तानसाचे धरण १८९२चे. तानसा आणि भातसा आमच्याच शहापूर तालुक्यात आहेत. आमच्या रानातून पावसाळ्यात जो ओढा फुफाटत जातो, तो शेवटी भातसा नदीलाच मिळतो. या तलावांतून मुंबईला रोज साडेतीनशे कोटी लिटरांहून अधिक पाणी पोहोचते, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. धरण उशाला नि कोरड घशाला, असे वर्तमानपत्रे दरसाल छापतात. दरसाल ते खरेही असते.

शहरात माणशी १३५ लिटर हा सरकारी मापदंड. मुलुंडच्या घरात आम्ही चौघे होतो. वर्षाला सुमारे दोन लाख लिटर. म्हणजे मैनेच्या ज्वारीला जे चार लाख लिटर हवे होते, ते आम्ही चौघांनी दर दोन वर्षांनी नळाखाली वापरत आणले होते. तीस वर्षांत किती उन्हाळी रानांचे पाणी आम्ही वापरले, ही आकडेमोड आम्ही पुढे नेली नाही. शहराने तहानलेले राहावे असे आमचे म्हणणे नाही. आमची मुले अजून तेथेच राहतात. गवत तिकडे गेले, पाणी तिकडे गेले, दूध तिकडेच; आणि मग आम्ही तिकडून पुस्तके घेऊन इकडच्या वासरांना शहाणे करायला आलो, एवढाच क्रम येथे नोंदवायचा आहे.

पुस्तकांचा दोष नव्हता. त्यांच्यामागची कल्पना कोठून येते हे समजून घ्यायला आम्हांला उशीर झाला. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत थंडीत वाढणारे गवत जुलै-ऑगस्टच्या उष्म्यात मंदावते. मांसासाठी वाढवायच्या वासरांचे वजन तेव्हा घटू नये म्हणून तेथे सुदान गवत, ज्वारी व सुदान गवताचा संकर किंवा बाजरी पेरतात. सुदान गवत हे ज्वारीचेच भावंड. १९०९ साली ते आफ्रिकेतून अमेरिकेत नेले गेले. बाजरीत हे विष नसते, म्हणून काही जण तीच पसंत करतात. हे सर्व तेथे जमते, कारण तेथे ऊन आणि पाऊस बरोबर येतात. या गवतांना दोन्ही हवेत. आपल्याकडे वर्ष दुभंगलेले आहे: मार्च ते मे नुसते ऊन, जून ते सप्टेंबर पाऊस. तेथल्या उन्हाळी गवताचे येथले भाषांतर पावसाळी गवत असे व्हायला हवे होते. आम्ही ते शब्दशः केले. तीस वर्षे भाषा शिकवणाऱ्याच्या घरात हे घडावे!

पुढच्या वर्षीपासून आम्ही वरकसाच्या तुकड्यात, जेथे पूर्वी नाचणी-वरई होत असे, जुलैत मका पेरू लागलो. त्याला पाणी द्यावे लागत नाही, उलट साचू नये म्हणून चर काढावे लागतात. ऑक्टोबरच्या आरंभी कणसांत चीक भरला, की उघडीप पाहून कापतो, बारीक कुट्टी करतो, जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत पायांनी तुडवून हवा काढतो आणि तोंड घट्ट बांधून ठेवतो. पंचेचाळीस दिवसांनी मुरघास तयार होतो आणि पिशवी उघडली नाही तर उन्हाळ्यापर्यंत टिकतो. पहिल्या वर्षी दोन पिशव्या उंदरांनी फोडल्या आणि त्यांतल्या चाऱ्याला बुरशी आली. तो आम्ही खड्ड्यात टाकला. आता शंका आली की आम्ही वासराला विचारत नाही. शिवाय मामांच्या सांगण्यावरून माळाच्या एका पट्ट्यातले गवत दिवाळीपर्यंत न थांबता फुलोऱ्यातच कापतो. वजन कमी भरते, व्यापारी नाक मुरडतो, पण त्याचा हिरवेपणा आणि कस टिकतो. मामा हे पूर्वीपासून आपल्या दुभत्या गायीपुरते करीत आले होते. त्यांनी ते आम्हांला आधी का सांगितले नाही, असे एकदा विचारले. ते म्हणाले, “तुमी इचारलं नाय.”

राहिला बांड्या. गोऱ्ह्याला खाऊपिऊ घालून मोठा करायचा तो कशासाठी, हा प्रश्न परदेशातल्या त्या पुस्तकांना पडत नाही. तेथे उत्तर ठरलेले असते. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवरची बंदी १९७६च्या कायद्याने आली आणि मार्च २०१५पासून ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली. त्या कायद्याविषयी आम्हां दोघांत एकमत नाही. निकामी झालेला बैल पोसायचा कोणी, हा मामांचा प्रश्न मात्र आम्हां दोघांनाही निरुत्तर करतो. नांगरटीला आता गावोगाव पॉवर टिलर आले आहेत. बांड्याला विकावे असे एकदा मनात आले, तो २०२२चा सप्टेंबर होता. लम्पीच्या साथीमुळे राज्यभरातले गुरांचे बाजार बंद झाले होते. बाजार पुन्हा सुरू झाले तेव्हा आम्ही तो विषय काढला नाही.

आता तो भरदार बैल झाला आहे. टिलर जात नाही अशा वरच्या अरुंद खाचरांत चिखलणीला तो मामांच्या बैलाबरोबर जुंपला जातो; चार-पाच दिवसांचे काम, बाकी वर्षभर बसून खाणे. विहिरीशेजारचे ते दहा गुंठे उन्हाळ्यात आम्ही मोकळे ठेवतो. यंदा मे महिन्यात मुरघासाची शेवटची पिशवी उघडली. आंबूस, गोडसर वास दरवळला आणि बांड्या दाव्याला ओढ देऊन उभा राहिला. पहिली पाटी आमच्यापैकी एकाने भरली. दुसरीने ती त्याच्यापुढे ठेवण्याआधी त्यातला मूठभर चारा उचलून उन्हात नीट निरखून पाहिला. सहा वर्षे झाली, पण हे आम्ही कधी चुकवत नाही. मग एक जण झाप्याकडे जाऊन तो लागला आहे ना, हे पाहून येतो. थोड्या वेळाने दुसराही जाऊन पाहून येतो.